मास्तर गुरगुरत नाही

टक्. एवढंच. डब्याचं झाकण बसावं तसा कोरडा, नेटका आवाज. बाईंच्या हातात दुधाचं पातेलं होतं आणि डोक्यात पहिला विचार आला तो असा, की पंचावन्न डेसिबल, फार तर साठ. या विचाराची त्यांना लाज वाटली, पण ती नंतर. पंचवीस वर्षं इस्पितळात लोकांचे कान तपासणाऱ्या माणसाचं असंच होतं. आवाज आधी मोजला जातो, त्याचा अर्थ मागून येतो, धापा टाकत. या आवाजाचा अर्थ यायला एक श्वास लागला. मास्तरचे दात मिटले होते. हवेत. आणि जिथे मिटले तिथून मुंगीचा कान चार बोटांवर होता.

मुंगी म्हणजे बाईंची नात, चौदा महिन्यांची. जमिनीवरचा कण न् कण वेचून तोंडात घालते म्हणून मुंगी. मास्तर म्हणजे घरातला कुत्रा, बारा वर्षांचा, भुवया पांढऱ्या, चेहऱ्यावर कायम गठ्ठाभर उत्तरपत्रिका तपासून कंटाळल्याचा भाव. मुंगीला अलीकडेच उभं राहण्याचा शोध लागला होता. खुर्ची, पडदा, आजीचा गाऊन, जे हाती लागेल ते धरून ती उठायची. आज तिच्या हाती मास्तरची कंबर लागली. खिडकीखाली आपल्या सतरंजीवर तो झोपला होता. ती रांगत गेली, दोन्ही मुठींत त्याचे केस धरले आणि सगळा भार टाकून उभी राहिली. आणि टक्. आधी गुरगुर नाही, भुंकणं नाही, काही नाही. मुंगी बूड टेकून खाली बसली आणि टाळ्या वाजवत हसली. नवा खेळ. मास्तरने जीभ एकदा नाकावरून फिरवली, मान वळवली आणि चोरी उघडी पडलेल्या माणसासारखा भिंतीकडे बघत राहिला.

बाईंनी पातेलं खाली ठेवलं. तेव्हाही आवाज झाला नाही. त्यांच्या घरात वस्तू ठेवताना आवाज होतच नसे. मुंगीला उचलून त्यांनी कान पाहिला, गाल पाहिला, मानेच्या वळ्या पाहिल्या, केसांतून बोटं फिरवली. ओरखडासुद्धा नव्हता. गालावर लाळेचा एक थेंब होता, तो मुंगीचा की मास्तरचा हे कळायला मार्ग नव्हता. तो त्यांनी बाहीने पुसला. बाथरूममध्ये कपडे धुण्याचं मशीन गरगरत होतं. लेक तिथे होती. बाई मास्तरला हळूच म्हणाल्या, "चल," आणि तो मागचे पाय एकेक करून गोळा करत उठला, निमूट मागच्या खोलीत गेला. का, कशाला, काही नाही. त्यांनी दार ओढून घेतलं.

लेक ओल्या केसांना टॉवेल गुंडाळून आली. "याला का कोंडलंस?"

"पोट बिघडलंय त्याचं. सकाळपासून गवत खायला बघतोय."

चौथ्या मजल्यावर गवत कुठलं, हे दोघींनाही माहीत होतं. लेकीने आईकडे पाहिलं, मग मुंगीकडे. "बरं," म्हणाली, आणि मुंगीला आईच्या कडेवरून आपल्या कडेवर घेतलं.

भीतीने बाईंना गाठलं ते कामाला निघाल्यावर, बसथांब्यावर. बाईंचं असंच, सगळं उशिरा. नवरा गेला तेव्हाही त्यांना रडू तेराचौदा दिवसांनी आलं होतं, भाजीच्या दुकानात, काकड्या निवडताना. त्यांनी थांब्याच्या बाकाची कड धरली आणि सरळ, शिस्तीत विचार करायला घेतला. आज गुरुवार. सोमवारी लेकीची रजा संपते. जावई बोटीवर नोकरीला, सहा महिने पाण्यात. त्यामुळे पोरीला दुपारभर कोण बघणार हा प्रश्न आला तेव्हा बाईंनीच छाती पुढे काढली होती. पाळणाघर कशाला, मी काय मेलेय? इस्पितळात भांडून त्यांनी सकाळची अर्धी पाळी मागून घेतली होती. लेक तिच्या शाळेच्या कचेरीत दीड वाजता जाणार, बाई एकला घरी पोचणार, मधला अर्धा तास पोर हातातून हातात. सगळं घड्याळाच्या काट्यासारखं बसवलेलं. मुंगीला सवय व्हावी म्हणून हा आठवडाभर मायलेकी दोघी इथेच राहायला आल्या होत्या. आणि या आठवड्यात त्या घराला पुन्हा एकदा वास आला होता, पावडरचा, मऊ भाताचा, ओल्या लंगोटांचा. सोफ्याच्या फटीत बिस्किटं सापडत होती, आणि बाईंना रोज सकाळी जाग यायची ती कुणीतरी आपल्या पापण्या उघडून आत कोण आहे ते बघतंय म्हणून. हे सगळं सोमवारपासून रोजचं होणार होतं. सांगितलं, तर दोघांतलं एक जाणार. मास्तर जाणार, नाहीतर मुंगी येणार नाही. आणि बारा वर्षांचा, कंबरेतून गेलेला कुत्रा जाणार म्हणजे कुठे जाणार? त्याला पिल्लू असताना शर्टात घालून आणणारा माणूस आता नव्हता. बस आली. चढता चढता बाईंचं ठरलं: सांगायचं नाही. एकदाच तर झालं. मी लक्ष ठेवीन. पायरीवर दुसरा पाय ठेवला तेव्हा त्यांना वाटलं, हे शब्द आपण कुठे ऐकलेत. आणि मग आठवलं, की रोजच ऐकतो, रुग्णांच्या तोंडून. एवढंसं तर ऐकू येत नाही. एकाच कानाने तर येत नाही. मी लक्ष ठेवतो बाई, समोरच्याच्या ओठांकडे बघतो.

इस्पितळात त्यांना कुणी नावाने हाक मारत नसे. हाडवाले डॉक्टर, डोळेवाले डॉक्टर, तशा या कानवाल्या बाई. त्यांची खोली तळमजल्याच्या टोकाला. तिच्या पोटात आणखी एक खोली, कपाटाएवढी, जाड दाराची, भिंतींना स्पंज लावलेली. आत खुर्ची, कानांवर चढवायचे हेडफोन आणि वायरीच्या टोकाला बटण. काचेच्या अलीकडे बाई आणि त्यांचं यंत्र. त्या एकेक स्वर सोडायच्या, आधी मोठा, मग लहान, मग त्याहून लहान, आणि जिथे माणूस बटण दाबायचा थांबे तिथे कागदावर खूण करायच्या. त्यांना ही खोली फार आवडायची. नवी माणसं आत गेल्यावर घाबरतात, आपल्याच रक्ताचा आवाज ऐकू येतो म्हणतात. बाईंना तो आवाज घरचा वाटे.

आज पहिले आले ते एक निवृत्त बस ड्रायव्हर आणि त्यांची बायको. बायकोच्या हातात फाइल, पिशवी आणि नवऱ्याचा चष्मा.

"आवाज आला की बटण दाबायचं," बाईंनी नेहमीचं सांगितलं. "कितीही बारीक आला तरी."

"आणि नाही आला तर?" ड्रायव्हर म्हणाले.

"नाही आला तर नाही दाबायचं."

"यांना नाही जमायचं हो," बायको म्हणाली. "न दाबता बसायची सवयच नाही. चौतीस वर्षं हॉर्न दाबलाय."

"तू गप गं."

"बघा. हे ऐकू आलं बरोबर."

जाड दार लागलं. बाईंनी स्वर सोडला, बटण दाबलं गेलं. आणखी बारीक सोडला, दाबलं गेलं. मग त्यांनी काहीच सोडलं नाही, आणि तरी बटण दाबलं गेलं. काचेपलीकडे म्हातारा त्यांच्याकडे बघून अदबीने हसत होता. अशी माणसं असतात. समोरची बाई एवढी मेहनत घेतेय, तिचा हिरमोड कशाला, म्हणून भिडेने बटण दाबत राहतात. त्यांना सांगावं लागतं, की आजोबा, तुम्ही चांगलं वागू नका, खरं वागा. बाईंनी हे वाक्य हजार वेळा म्हटलं असेल. आज मात्र ते बोलायला माइकचं बटण दाबलं, आणि त्यांना मास्तर आठवला.

चांगला वागतो. मास्तरबद्दल सगळे हेच म्हणत. घरात कुत्रा आहे असं वाटतच नाही हो! आणि बाई खालमानेने हसायच्या, मुलाचा पहिला नंबर आल्यावर आया हसतात तसं. कारण ती त्यांची कमाई होती. नऊ वर्षांपूर्वी नवऱ्याच्या डोक्यात दुखणं शिरलं. अकरा महिने ते राहिलं आणि त्याला घेऊनच गेलं. त्या अकरा महिन्यांत त्याला उजेड चालायचा, वास चालायचे, माणसंही चालायची; आवाज चालायचा नाही. चमचा पडला तर तो दोन्ही हातांनी डोकं धरून भिंतीकडे वळायचा. मग बाईंनी घर गप्प करायला घेतलं. खुर्च्यांच्या पायांना बुटाचे जुने मोजे घातले. बिजागऱ्यांना तेल. घड्याळ शेजारणीला देऊन टाकलं. भांडी फडक्यावर पालथी घालायची, पाणी भिंतीवरून ओघळेल असं ओतायचं. राहिला मास्तर. तीन वर्षांचा, अंगात रग, जिन्यात पाऊल वाजलं की त्याच्या गळ्यात मोटार सुरू व्हायची. बाईंनी त्याला मारलं नाही, ओरडल्या नाहीत; ओरडणार कशा? गळ्यात ती घरघर सुरू झाली की त्या जाऊन त्याच्या नाकाडावर दोन बोटं ठेवायच्या आणि थांबायच्या. तो गप्प झाला की बोटं काढायच्या. पंधरा दिवसांनी बोटं टेकवायची गरज उरली नाही, नुसती दुरून वर केली की पुरे. महिन्याभराने तीही नको. तेव्हा त्यांना वाटलं होतं, आपण कुत्र्याला शहाणपण शिकवलं. खोलीतून नवऱ्याने क्षीण आवाजात विचारलं होतं, मास्तर आहे ना गं घरात? आहे, त्या म्हणाल्या होत्या, तुझ्या पलंगाखालीच आहे.

लेक तेव्हा अठराची. तीसुद्धा शिकली. अनवाणी चालायला, मैत्रिणीचा फोन आला की जिन्यात जाऊन बोलायला. एकदा कशावरून तरी चिडून तिने दार आपटायला घेतलं, बाईंनी पलीकडून दोन बोटं वर केली, आणि दार शेवटच्या क्षणी थांबलं, हळू टेकलं. किती समजूतदार पोर, असं तेव्हा वाटलं होतं. ते वाटणं बाईंना आता आठवलं आणि अंगठा नुसताच यंत्राच्या चकतीवर फिरत राहिला. काचेपलीकडे ड्रायव्हर आजोबांनी आणखी दोनदा बटण दाबलं.

तपासणी कशीबशी पुरी झाली. "वरचे, बारीक आवाज गेलेत," बाईंनी आलेख दाखवत सांगितलं. "पाखरं, कुकरची शिटी, लहान मुलं. जाड आवाज शाबूत आहेत."

"तरीच माझं सगळं ऐकू येतं यांना," बायको म्हणाली, आणि नवऱ्याच्या नाकावर चष्मा नीट बसवून त्याचा दंड धरून घेऊन गेली.

मधल्या सुट्टीत बाईंनी फोनमधला परवाचा फोटो उघडला. मास्तर आडवा, त्याच्या पोटावर डोकं ठेवून मुंगी. सगळ्या नातेवाइकांना तो गेला होता, सगळ्यांनी गोड, गोड म्हणून कळवलं होतं, बोटीवरून जावयानेसुद्धा. बाईंनी दोन बोटांनी तो मोठा केला. मुंगी गोडच होती. मास्तरचं तोंड मात्र मुंगीपासून जमेल तितकं लांब वळलेलं होतं, ओठ घट्ट, आणि डोळ्याच्या कोपऱ्यात पांढरं, नखाएवढं. हा आनंदी कुत्रा नव्हता. हा दात काढायच्या खुर्चीत बसलेला माणूस होता. मग एकेक आठवायला लागलं. मुंगी जवळ आली की तो जांभई देतो. झोप आलेली नसताना. उठून सोफ्यामागे जातो, आणि आपण म्हणतो, चल रे, बाळ बोलावतंय, आणि ओढून आणतो. आपण त्याच्याकडे बघून म्हणालो होतो, किती सोसतो बिचारा. सोसतो हे कळत होतं, आणि त्याचं कौतुक करत होतो.

त्यांनी कुत्र्यांच्या डॉक्टरणीला फोन लावला. मागे कुणाचं तरी मांजर गळा काढून रडत होतं.

"थेट चावला?" डॉक्टरीण म्हणाली.

"नाही. हवेत. नेम चुकला बहुतेक."

"नेम चुकत नाही हो त्यांचा. उडती माशी पकडतात. त्याला चावायचं असतं तर चावला असता. त्याने चुकवलं. आधी गुरगुरला होता?"

"तो गुरगुरत नाही."

"कधीच?"

"कधीच. मी... शिकवलं त्याला."

मग डॉक्टरीण म्हणाली, आवाज न चढवता, पण एकेक शब्द ठेवत, "बाई, कुत्रा गुरगुरतो म्हणजे भांडत नाही, भांडण टाळतो. सांगतो, की मला नको आहे, लांब व्हा. ते तुम्ही काढून घेतलंत, आता त्याच्याकडे सांगायला दातच उरले. म्हातारा आहे, कंबर दुखत असणार, मी मागेच म्हटलं होतं दाखवायला आणा. बाळ अंगावर भार टाकून उभं राहिलं तर कुणीही खेकसेल. तुम्ही नाही खेकसणार?"

बाईंनी विचार केला. "मी नाही," त्या म्हणाल्या.

"मग तुमचं तुम्ही बघा," डॉक्टरीण हसली, आणि पुन्हा गंभीर झाली. "दोघांना एकत्र एकटं सोडायचं नाही. दूध उतू जातंय तेवढ्यापुरतंही नाही. मध्ये फळी, जाळी, फाटक, काहीतरी हवं. त्याची एक जागा, जिथे बाळ जाणारच नाही. आणि लक्ष ठेवू म्हणू नका, सगळे लक्षच ठेवून असतात. समोरच होतो, असंच म्हणतात इथे येऊन."

"तो परत गुरगुरायला शिकेल?"

"या वयात? सांगता येत नाही. त्याच्या वतीने तुम्हालाच ऐकावं लागेल आता. आणि घरातल्यांना सांगितलंत ना?"

बाईंनी फोन ठेवला. मग लगेच घरी लावला. लेकीने उचलला, मागे मुंगी काहीतरी आपटत होती. "सगळं ठीक आहे," लेक म्हणाली. "तो आत झोपलाय. दार बंदच ठेवलंय मी." बाईंना एवढं हायसं वाटलं, की का बंद ठेवलंयस हे विचारायचं त्यांना सुचलं नाही. त्यांनी पुढचे दोन रुग्ण दुसऱ्या दिवसावर ढकलले, पंचवीस वर्षांत पहिल्यांदा, आणि निघाल्या. बसमध्ये त्यांनी वाक्य जुळवलं, मोडलं, परत जुळवलं. कितीही बारीक केलं तरी ते ऐकू येण्यासारखंच राहत होतं.

घरी मुंगी आतल्या पलंगावर झोपली होती, दोन्ही बाजूंना उशांची तटबंदी. लेक जेवणाच्या टेबलाशी बसून मोज्यांच्या जोड्या लावत होती. बाई खांद्यावरची पर्स न काढता उभ्या राहिल्या.

"मला काहीतरी सांगायचंय."

"सांग."

बाईंनी सांगितलं. कान चार बोटांवर होता हे सांगितलं, पोट बिघडलं नव्हतं हे सांगितलं, डॉक्टरीण काय म्हणाली ते सांगितलं. लेक मोजे जोडत राहिली. सगळं सांगून झालं तेव्हा टेबलावर एकच मोजा उरला होता, मुंगीचा, अंगठ्याएवढा.

"मला माहितेय," लेक म्हणाली. "मी पाहिलं."

"कसं? मशीन चालू होतं."

"साबण संपला होता, घ्यायला बाहेर आले होते. दारातच होते मी. तू तिचा कान पाहिलास, गाल पुसलास. सगळं पाहिलं."

बाईंना खुर्ची सापडली. "मग बोलली का नाहीस?"

"तू बोलतेस का ते बघत होते." लेकीचा आवाज अजून रोजच्यासारखाच होता, घरातला, बेताचा. "म्हटलं आता सांगेल. आता सांगेल. तर म्हणे पोट बिघडलंय. गवत खातोय म्हणे." आणि मग तो आवाज कुठूनतरी फाटला. "चौथ्या मजल्यावर गवत, आई! माझ्या पोरीचा कान होता तो! कान! आणि तू डबा भरून कामाला निघून गेलीस!"

बाईंनी हा आवाज पूर्वी ऐकला नव्हता. सत्तावीस वर्षांच्या आपल्या मुलीचा आवाज एवढा मोठा आहे, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. आणि त्यांना न विचारता त्यांचा उजवा हात टेबलावरून उचलला गेला, दोन बोटं वर.

लेकीने ती बोटं पाहिली. "कर," ती म्हणाली. "आणखी वर कर. मी काय मास्तर आहे?"

बाईंनी हात खाली घेतला आणि मांडीखाली दाबून त्यावर बसल्या, परीक्षेत कॉपी करताना सापडलेल्या मुलीसारख्या. लेक बोलत राहिली, आणि बाई ऐकत राहिल्या. बाबा गेले त्या दिवशीसुद्धा मी उशीत रडले, ती म्हणाली, आणि मास्तर येऊन माझ्या पायाशी झोपला. या घरात आम्ही दोघंच होतो एकमेकांशी बोलणारे. मला कळतं त्याचं सगळं. तो तोंड फिरवतो म्हणजे नको म्हणतो, जांभई देतो म्हणजे आता पुरे म्हणतो. आठवडाभर बघतेय मी. रोज ठरवत होते आज सांगू, आज सांगू, आणि मग वाटायचं आईला वाईट वाटेल, ती एवढी खूश आहे. "म्हणजे मीसुद्धा तोंड उघडलं नाही," ती म्हणाली, आणि तिचा आवाज परत खाली आला, पण पहिल्या जागी नाही, त्याच्या वर कुठेतरी. "तुला एकटीला कशाला बोलू? आपण दोघी सभ्यपणे बसलो असतो आणि पोरीचा कान गेला असता."

आत मुंगी जागी झाली आणि रडायला लागली. सवयीने दोघींच्याही तोंडाशी शू आलं असणार. कुणी केलं नाही. लेक तिला घेऊन आली. ती खांद्यावर मनसोक्त रडली, मग स्वतःच थांबली, टेबलावरचा मोजा पाहून.

"मी सोमवारी तिला इथे आणणार नाही," लेक म्हणाली.

भाजीच्या दुकानापर्यंत थांबायचं नाही, असं ठरवून बाईंनी डोळ्यांतलं पाणी तिथल्या तिथे येऊ दिलं. "बरोबर आहे तुझं."

"तू तिकडे यायचंस. इस्पितळातून परस्पर. चावी करून देते."

"देशील?"

"आज सांगितलं नसतंस तर दिली नसती." लेकीने मुंगीच्या पायात मोजा घातला, मुंगीने तो काढला. "खरं सांग, सांगणार होतीस?"

खोटं बोलायला ही फार सोयीची जागा होती. "नाही," बाई म्हणाल्या. "सकाळी बसमध्ये चढताना ठरवलं होतं, नाही सांगायचं."

लेकीने काढलेला मोजा परत उचलला, आणि मग, काय झालं कुणास ठाऊक, तिला हसू आलं. "आई, हे तरी लपवायचंस."

मग बोलणं फळ्या, जाळ्या आणि मापांवर आलं, आणि दोघींनाही बरं वाटलं. मास्तर इथेच राहणार, शनिवारी त्याची कंबर दाखवायची. मागच्या खोलीच्या दाराला कमरेएवढं फाटक बसवायचं. मुंगी रविवारी आली तर फाटकाच्या अलीकडे, तो पलीकडे, आणि मध्ये एक मोठं माणूस, हातात फोन नसलेलं. भेटायचं असेल तर तो येईल, ती जाणार नाही. तो उठून गेला तर गेला, कुणी ओढून आणायचं नाही. फोटो बंद. हे सगळं लेक बोटांवर मोजत होती आणि बाई पाकिटाच्या पाठीवर लिहून घेत होत्या. मग मुंगीला आजीच्या मांडीवर देऊन लेक मागच्या खोलीत गेली. दाराच्या फटीतून बाईंना दिसलं: ती जमिनीवर बसली, मास्तरपासून हातभर लांब, त्याच्याकडे न बघता. तो जागचा हलला नाही. ती बसून राहिली. बऱ्याच वेळाने त्याने एक खोल उसासा सोडला, पुढचे पाय पुढे सरकवले, आणि हनुवटी तिच्या घोट्यावर ठेवली. बाईंना वाटलं, आपण इतकी वर्षं या दोघांच्या नुसतं शेजारी राहिलो, सोबत नाही.

पाच वाजता मायलेकी निघाल्या. ठरलेला आठवडा अजून संपला नव्हता, पण सवय आता मुंगीला नाही, बाईंना करायची होती, लेकीच्या घराची. पिशव्या, घडीची गादी, डबे. बाई त्यांना जिन्यापर्यंत सोडायला आल्या. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर मुंगीने सहज, काही कारण नसताना, "आऽऽ" केलं, आणि जिन्याने ते परत दिलं. मुंगी थबकली. वर बघितलं, खाली बघितलं. पुन्हा केलं, मोठ्यांदा. पुन्हा परत आलं, आणखी मोठं होऊन. मग तिला राहवलं नाही. आईच्या खांद्यावरून मान मागे टाकून ती ओरडायलाच लागली, पोटापासून, आनंदाने, प्रत्येक पायरीला एक. सगळा जिना वाजायला लागला. लेक थांबली. बाईंना वरून तिचं फक्त डोकं दिसत होतं, आणि ते डोकं मागे झुकलं, आणि एका शाळेच्या कचेरीत हिशेबी चेहऱ्याने बसणारी बाई भर जिन्यात, दोन्ही खांद्यांवर पिशव्या अडकवून, पोरीपेक्षाही मोठ्यांदा "आऽऽऽ" म्हणाली.

तिसऱ्या मजल्यावरचं दार उघडलं. चष्मा कपाळावर, हातात वर्तमानपत्र. "काय चाललंय काय?" शेजारी वर बघत म्हणाले. "कोण ओरडतंय?"

"माझी मुलगी," बाई कठड्यावरून वाकून म्हणाल्या. "आणि तिची."

"तुमच्याकडची?" त्यांचा विश्वास बसेना. "किती वेळ चालणार हे?"

खाली दोघी आता आळीपाळीने ओरडत होत्या. बाईंनी कान दिला. या वेळी त्यांनी काही मोजलं नाही.

"चालू द्या," त्या म्हणाल्या, आणि घराचं दार सताड उघडं ठेवून तिथेच पायरीवर बसल्या.